केळी खरेदीच्या सॉफ्टवेअरची पारख: मॅकॉल, आयएसओ की सोनारक्यूब?

केळी खरेदीचं अ‍ॅप विकायला येणारा प्रत्येक जण ‘आमची क्वालिटी चांगली आहे’ असंच सांगतो. चांगली म्हणजे नेमकी काय, हे ठरवण्यासाठी १९७० च्या दशकापासून मॉडेलं तयार होत आली आहेत. त्यांतली मुख्य मॉडेलं इथे जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल-चोपडा पट्ट्यातल्या खरेदीला लावून पाहिली आहेत. काम वरून साधं दिसतं. बांधावर घड तोलायचे, दांड्याच्या वजनाची कपात धरायची, भाव लावायचा, उचल वजा करायची आणि पावती द्यायची. पण हे सगळं नेटवर्क नसलेल्या मळ्यात, मे महिन्याच्या उन्हात आणि ट्रक भरायच्या घाईत चालतं.

मॅकॉलचं मॉडेल १९७७ चं, अमेरिकी हवाई दलासाठी तयार झालेलं. त्यात ११ घटक आणि तीन गट आहेत: सॉफ्टवेअर वापरताना काय लागतं, ते बदलताना काय लागतं आणि दुसरीकडे नेताना काय लागतं. घेणारा सहसा पहिल्याच गटाकडे पाहतो, पुढचे दोन गट विसरतो. कपातीचा नियम बदलला तर बदल कोण करणार, किती दिवसांत, किती पैशांत? जुना डेटा नव्या अ‍ॅपमध्ये जाईल का? हे प्रश्न मॅकॉल विचारायला लावतो, आणि सौद्याच्या वेळी ते फार उपयोगी पडतात. मोजमाप मात्र बरंचसं हो-नाही अशा प्रश्नांवर चालतं. त्यामुळे दोन तपासनीस एकाच अ‍ॅपला वेगवेगळे गुण देतात. प्रश्नांची यादी म्हणून घ्या, गुणपत्रिका म्हणून नको.

बोएमचं १९७८ चं मॉडेल कोड समजायला, तपासायला आणि बदलायला किती सोपा आहे यात खोल जातं. जळगाव-धुळ्यात बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी ते जरूर वाचावं, घेणाऱ्याला त्याची गरज नाही. ह्यूलेट-पॅकार्डचं फर्प्स पाच मुद्द्यांचं आणि लक्षात ठेवायला सोपं आहे, पण इथे त्यावर थांबायचं कारण नाही.

आयएसओ ९१२६ हे १९९१ चं आंतरराष्ट्रीय मानक. कॉलेजच्या नोट्समध्ये आजही हेच जास्त सापडतं. मोठी उणीव अशी की माहितीच्या सुरक्षेला त्यात स्वतंत्र जागा नाही, ती ‘कार्यात्मकता’ (हवं ते काम बरोबर करणं) या मुख्य गुणाखालचा एक उपमुद्दा आहे. शेतकऱ्याचं बँक खातं अ‍ॅपमध्ये असताना एवढ्यावर भागत नाही. २०११ साली आलेल्या आयएसओ २५०१० ने ही चूक दुरुस्त केली. मुख्य गुण सहाचे आठ झाले, सुरक्षा आणि सुसंगतता (दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जुळवून घेणं) स्वतंत्र झाल्या. आमच्या मते पाया म्हणून हेच धरावं. मात्र नुसती नावं वाचून उपयोग नाही, प्रत्येक गुणासाठी करून पाहायची चाचणी ठरवावी लागते.

आधी अचूकता. समजा वजन १८.४५ क्विंटल आणि भाव १,८५० रुपये. रक्कम ३४,१३२ रुपये ५० पैसे यायला हवी. अ‍ॅपने वजन एका दशांशावर आणलं तर १८.५ धरून ३४,२२५ होतात आणि १८.४ धरून ३४,०४०. एका पावतीत १८५ रुपयांचा फरक! दोन्ही उत्तरं खरोखर दिसू शकतात, कारण संगणकाच्या दशांश साठवणीत १८.४५ हा आकडा किंचित कमी पडतो आणि काही ठिकाणी तो खाली ओढला जातो. उपाय सोपा आहे: वजन पूर्ण किलोत, रक्कम पूर्ण पैशांत साठवायची, भागाकार शेवटीच करायचा. तपासताना ५ ने संपणारी वजनं मुद्दाम टाका, चूक तिथेच सापडते.

मग विश्वासार्हता. फोन एअरप्लेन मोडवर टाकून २० पावत्या करा, अधेमधे अ‍ॅप जबरदस्तीने बंद करा, शेवटी नेटवर्क चालू करा. सर्व्हरवर २० च पावत्या दिसायला हव्यात, १९ नको आणि २१ ही नको. इथे बहुतेक वेळा घोळ पावती क्रमांकाचा असतो. क्रमांक सर्व्हर देणार असेल तर नेटवर्कशिवाय पावतीच होत नाही. प्रत्येक फोन आपापला साधा अनुक्रम देत असेल तर दोन फोनवर एकच क्रमांक येतो. फोननिहाय उपसर्ग लावला की प्रश्न मिटतो.

उपलब्धतेचं गणितही मांडून घ्या. सर्व्हर सरासरी ६० तास चालून पडतो आणि उठायला २ तास लागतात, तर उपलब्धता ६० भागिले ६२, म्हणजे सुमारे ९६.८ टक्के. तोच १ तासात उठला तर ९८.४ टक्के. वीज जाणं आपल्या हातात नाही, पण लवकर उठवणं आहे.

गुणांना वजन देताना आमची वाटणी अशी: अचूकतेसह कार्यात्मकता २५, विश्वासार्हता २०, वापरसुलभता १५, सुरक्षा १५, देखभाल १० आणि उरलेल्या तिघांना (वेग, सुसंगतता आणि दुसरीकडे नेण्याची सोय) ५-५. पण नुसत्या सरासरीवर निर्णय घेऊ नका. सगळीकडे ९० आणि सुरक्षेत २० गुण मिळवणाऱ्या अ‍ॅपची सरासरी ७९.५ येते! म्हणून एकही गुण ६० च्या खाली गेला तर अ‍ॅप नापास, सरासरी कितीही असो.

विक्रेते हल्ली सोनारक्यूब या कोड तपासणाऱ्या साधनाचा देखभालीसाठीचा ‘ए’ शेरा दाखवतात. हा शेरा कशावर मिळतो ते समजून घ्या. मूळ हिशोबात कोडची एक ओळ लिहायला ३० मिनिटं धरलेली असतात. १२,००० ओळी म्हणजे ६,००० तास, आठ तासांचे ७५० दिवस. दुरुस्तीचं काम ४० दिवसांचं असेल तर प्रमाण ५.३ टक्के, शेरा ‘बी’. ५ टक्के किंवा कमी असेल तर ‘ए’. म्हणजे हा शेरा देखभालीबद्दल बोलतो. कपातीचं सूत्रच चुकीचं लिहिलं असेल, तरी कोड नीटनेटका असल्यामुळे ‘ए’ मिळू शकतो. देखभालीच्या १० गुणांसाठी हे साधन उत्तम आहे, बाकी ९० साठी त्याचा आधार घेऊ नका.

राहता राहिली २५०१० ची २०२३ ची आवृत्ती. त्यात नऊ गुण आहेत आणि समावेशकता हा उपमुद्दा नव्याने आला आहे. अहिराणी बोलणाऱ्या, चष्म्याशिवाय बारीक अक्षर न दिसणाऱ्या सालदाराला भर उन्हात पावती वाचता येते का, हे त्यामुळे हक्काने तपासता येतं. नववा गुण सेफ्टी, म्हणजे जीव आणि माल यांचा बचाव. फक्त पावत्या करायच्या असतील तर २०११ ची आवृत्ती पुरते. तेच सॉफ्टवेअर केळी पिकवायच्या चेंबरचा इथिलीन गॅस सोडणार असेल तर २०२३ चीच धरा. पिकवायला १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गॅस पुरतो, पण हवेत त्याचं प्रमाण २.७ टक्क्यांपर्यंत गेलं की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. चाचणी एकच, पण ती चुकवू नका: चेंबर रिकामं ठेवून, गॅसऐवजी साधी हवा जोडून, व्हॉल्व्ह उघडा असताना मेन स्विच पाडायचा. व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हायला हवा आणि वीज परत आल्यावर माणसाने हुकूम दिल्याशिवाय उघडता कामा नये.