एक्झिमासाठी मलम घ्यावं, क्रीम की लोशन?

एक्झिमा, म्हणजे इसब, असला की 'मॉइश्चरायझर लावत जा' असं डॉक्टर सांगतात, पण दुकानात तीन-चार प्रकार समोर दिसले की हात अडतो. खरा फरक आहे तो तेल आणि पाण्याच्या प्रमाणात.

मलम म्हणजे जवळजवळ नुसता स्निग्धांश, पेट्रोलियम जेलीसारखा. त्यात पाणी नसल्यामुळे बहुधा प्रिझर्व्हेटिव्हही (खराब होऊ नये म्हणून घातलेलं रसायन) नसतं, म्हणून खाजवून सोललेल्या त्वचेला ते सगळ्यांत कमी झोंबतं. घोट्यावर किंवा कोपराच्या खोबणीत जाड, भेगाळलेले चट्टे असतील तर मी मलमच घेईन, तेही रात्री. दिवसा त्याचा चिकटपणा नको होतो: कपड्यांना डाग, मोबाइलवर बोटांचे ठसे. केसाळ जागी चोळून लावलं तर पुटकुळ्याही येतात, म्हणून केसांच्या दिशेने हलकं पसरवावं.

क्रीममध्ये तेल-पाणी दोन्ही असतं. ते पटकन जिरतं, चेहऱ्याला आणि हातांना दिवसभर चालतं. मात्र पाणी आलं की प्रिझर्व्हेटिव्ह आलंच, आणि एखाद्याला नेमकं तेच सोसत नाही. युरिया (ओलावा धरून ठेवणारा घटक) असलेलं क्रीम जाड, कोरड्या कातडीला उत्तम, पण चिरांवर आग आग करतं. सुगंधी तर कुठलंच नको.

लोशन सगळ्यांत पातळ. डोक्याला, केसाळ छातीला सोयीचं, पण पुन्हा पुन्हा लावावं लागतं.

मग गुण कशाचा जास्त? ब्रिटनमध्ये एक्झिमा असलेल्या ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि मलम यांची तुलना झाली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सोळा आठवड्यांअखेर चौघांच्या गुणात फरक आढळला नाही. म्हणून प्रकारापेक्षा मी प्रमाणाकडे बघेन. मोठ्या माणसाला अंगभर लावायचं तर आठवड्याला सुमारे अर्धा किलो लागतं! महागडी छोटी ट्यूब जपून वापरण्यापेक्षा साधा मोठा डबा बरा. फक्त आधी लहान पॅक लावून बघा. डब्यात बोटं न घालता स्वच्छ चमच्याने काढा.

त्वचा लाल होऊन पेटली असेल तर यातलं काहीच एकट्याने पुरणार नाही. डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड लावायचंच. स्टेरॉइड आणि मॉइश्चरायझर यांमध्ये साधारण अर्धा तास जाऊ द्या.

आणि विस्तवापासून जपा. मलम असो वा क्रीम, कपड्यांत आणि चादरीत मुरलं की ते कापड ठिणगीनेही झटकन पेटतं.