बर्डीवरून आणलेला अँड्रॉइड फोन, सहा महिने वापरून

डिसेंबर २०१० मध्ये आमच्या बर्डीवरून, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून घेतला, आता जून २०११ लागला, म्हणजे आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण ऑफिसमधल्या दोघांनी वेगवेगळ्या कंपन्यांचे घेतले आणि तिघांचंही रडगाणं सारखंच आहे. अँड्रॉइड २.२, म्हणजे ते फ्रोयो, ६०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, सव्वातीन इंची स्क्रीन, घासाघीस करून तेरा हजाराला पडला. त्याआधी पाच वर्षं नोकिया वापरला, तीन-तीन दिवस चार्जरचं तोंड बघायचं नाही, ती सवय.

पहिल्याच रात्री बॅलन्स साफ. मी काहीच केलं नव्हतं हो, फक्त जीमेलचा आयडी टाकला आणि झोपलो. तेव्हा प्रीपेडवर नेटचं पॅक नसेल तर १० केबीला १० पैसे कापायचे, म्हणजे एक एमबीला दहा रुपयांच्या वर, आणि हा पठ्ठ्या रात्रभर मेल, कॉन्टॅक्ट, कॅलेंडर सगळं सिंक करून राहिला होता. सकाळी ऑफिसला फोन लावतो तर बाई सांगते पुरेशी रक्कम नाही. नोकियात इंटरनेट आपण उघडलं तर सुरू व्हायचं, इथे ते सुरूच असतं आणि बंद करायचं बटन मला तरी माझ्या फोनात दिसलं नाही. शेवटी अँड्रॉइड मार्केट म्हणजे फोनातल्याच अ‍ॅपच्या दुकानातून एपीएनड्रॉइड नावाचं फुकटचं अ‍ॅप घेतलं. ते काय करतं तर एपीएनच्या, म्हणजे नेट जोडायच्या सेटिंगच्या, नावापुढे आपलं शेपूट जोडून ठेवतं, मग चुकीच्या नावामुळे नेट लागतच नाही. जुगाड आहे पण चालतो. नवीन घेणाऱ्याने सिम घालायच्या आधी महिन्याचं पॅक टाकावं, बाकी सगळं नंतर.

आता खरं दुखणं. आईकडे पंधराशेचा साधा नोकिया आहे, ती त्यावर मराठीत मेसेज टाइप करते. सत्तर अक्षरांत मेसेज संपतो म्हणून तिचे मेसेज तारेसारखे असतात, ‘येताना दही आण लवकर ये’. तोच मेसेज माझ्या तेरा हजाराच्या फोनवर आला की चौकोन, चौकोन, चौकोन. नुसते डबे. मी तिला फोन करून विचारायचो काय लिहिलं म्हणून, तर ती म्हणे, अरे तुझा मोठा फोन आहे ना, त्यात दिसत नाही का? काय सांगणार. यात देवनागरीचा फॉन्टच नाही, आणि नुसता फॉन्ट आणून भागतही नाही, कारण जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर बसवणारी यंत्रणाही लागते. मराठी पेपरच्या साइट उघडल्या तरी तेच.

त्यावर एक उपाय सापडला, तेवढा कामाचा आहे. ऑपेरा मिनी नावाचा ब्राउझर टाकायचा, अ‍ॅड्रेसच्या जागी opera:config टाइप करायचं (इंग्रजी अक्षरांतच म्हणजे ओपीईआरए, मग कोलन, मग सीओएनएफआयजी), यादीत अगदी खाली कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी बिटमॅप फॉन्ट वापरायचे का असं विचारतं, तिथे येस करून सेव्ह. मग त्यांचा सर्व्हर मराठी मजकुराचं चित्र बनवून पाठवतो. वाचता येतं, कॉपी करता येत नाही, डेटा थोडा जास्त जातो. मेसेजमधल्या डब्यांना मात्र इलाज नाही, आई आता मला इंग्रजी अक्षरांत ‘dahi’ म्हणजे डी ए एच आय असं लिहिते, मला लाज वाटते खरं तर.

दुकानदाराने घेताना सांगितलं होतं की २.२ आहे भाऊ, फ्लॅश (वेबसाइटवरचे व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर) चालते. नाही चालत. फ्लॅश १०.१ ला एआरएमव्ही७ जातीचा प्रोसेसर लागतो, ह्यातला त्याच्या आधीच्या पिढीचा आहे, मार्केटमध्ये ते अ‍ॅप दिसतच नाही. परत जाऊन विचारलं तर म्हणे, ‘काहून टेन्शन घेता, व्हिडिओ तर चालून राहिले ना?’

मेमरीचं पण ऐका. बाहेर कार्ड कितीही लावा, आतली जागा दीडशे एमबीच्या आसपास. फ्रोयोत अ‍ॅप कार्डावर हलवता येतात हे खरं, पण विजेट हलवलं की नीट चालत नाही आणि बरीच अ‍ॅप हलतच नाहीत. जागा कमी झाली की वर पिवळा त्रिकोण येतो आणि नंतर चक्क एसएमएस घेणं बंद. बँकेचा मेसेज आला नाही म्हणून मी बँकेशी भांडलो आणि दोषी माझाच फोन निघाला.

टास्क किलर, म्हणजे चालू अ‍ॅप बंद करणारं अ‍ॅप, टाकू नका. मला तिघांनी सांगितलं टाक म्हणून, टाकला, बॅटरी आणखी लवकर उतरायला लागली. तुम्ही मारलेलं अ‍ॅप सिस्टिम परत उठवते, परत मारा, परत उठवते, या उठाबशांतच चार्जिंग जातं. उलट सिंक आणि जीपीएस बंद ठेवलं तर दिवस निघतो.

मे महिन्यात तर मजाच. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं असतं आणि आपल्याकडे हवाच ४५ ला! गाडीच्या डिकीत ठेवला होता, घरी येऊन चार्जरला लावला तर बॅटरी गरम आहे म्हणून नकार. कूलरसमोर अर्धा तास ठेवला तेव्हा ऐकलं. बहिणीचा वेगळाच त्रास, स्कार्फ आणि हातमोजे घालून स्कूटीवर, फोन वाजतोय, ती स्क्रीनवर बोट घासून राहिली आणि फोन ढिम्म. ही स्क्रीन दाबाने नाही, कातडीतून वीज वाहू शकते त्यावर चालते, कापडातून तिला काही कळत नाही. घामाचा थेंब पडला की मात्र आपोआप कुणालातरी कॉल.

आता बर्डीचं सामान. स्क्रीन गार्ड मोदी नंबरच्या गल्लीत लावून घेतला, पोऱ्याने व्हिजिटिंग कार्डाने घासून घासून बुडबुडे काढले, दोन राहिले, ‘दोन दिवसांत बसतील’ म्हणाला. जानेवारीपासून तिथेच आहेत. आठ जीबीचं कार्ड चारशेला घेतलं, फोनमध्ये आठच दाखवत होतं, पण दोन जीबीच्या पुढचे फोटो अर्धे करडे. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, कॉम्प्युटरवर कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतं, त्याने पकडलं. कार्ड घेऊन गेलो, बदलून द्यायला नको म्हणाला, मी पण तिथेच उभा राहिलो, गिऱ्हाईक वाढायला लागले तेव्हा दिलं बापड्याने. चार्जरचा तर वैताग, घरात बारीक पिनचे चार चार्जर, मित्रांकडे तेच, पानठेल्यावरसुद्धा तेच, आणि याला मायक्रो यूएसबी. ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावतो तर ५०० मिलिअँपिअरच मिळतं, भिंतीच्या चार्जरच्या दुप्पट वेळ.

मग घेऊन चुकलो का? नाही बे. बेसा-मानेवाड्याच्या नव्या ले-आउटमध्ये एकाचं घर शोधताना मॅप्सने टॉवरवरूनच मी कुठे आहे ते दाखवलं, चौकात कुणाला विचारावं लागलं नाही, त्या दिवशी पैसे वसूल वाटले. मेलही मस्त. पाचपैकी तीन देतो, मराठी दिसलं असतं तर चार दिले असते. आणि हो, ऐंशी रुपयांचं काळं सिलिकॉन कव्हर घेतलं होतं, फोन तीनदा पडला, ओरखडा नाही. सगळ्या खरेदीत तेवढंच एक सांगितलं तसं निघालं.