फोम नोझल निवडताना: ब्रँच, फॉग की मिडियम एक्स्पान्शन?

फोम नोझल बघायला घेतलं की पहिला प्रश्न येतो, ‘थ्रो किती?’, म्हणजे फेस किती लांब जातो. खरं तर तो तिसरा-चौथा असायला हवा. जळणारा पदार्थ कोणता, तो किती चौरस मीटरवर पसरू शकतो आणि हाताशी फोम कंपाऊंड (पाण्यात मिसळून फेस करायचा द्रव) कोणतं, एवढं आधी ठरवलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

पाणी आणि कंपाऊंडच्या एक लिटर मिश्रणातून जितके लिटर फेस तयार होतो, ते त्याचं एक्स्पान्शन. २० पटींपर्यंत लो, २० ते २०० मिडियम आणि २०० ते १००० हाय. पेट्रोल-डिझेलसारख्या द्रवाच्या आगीवर हातातल्या होजने काम करायचं असेल, तर खरी निवड लो एक्स्पान्शनच्या दोन प्रकारांत असते: हवा ओढणारी फोम ब्रँच आणि पाण्याचा सरळ जेट किंवा पंखा सोडणारं नेहमीचं फॉग नोझल.

ब्रँचमध्ये मिश्रण अरुंद छिद्रातून वेगाने जातं, त्यामुळे मागच्या भोकांतून हवा ओढली जाते आणि नळीत ते सगळं घुसळून बाहेर पडतं. एक्स्पान्शन साधारण ६ ते १० पट. हा फेस दाट असतो, त्यातलं पाणी सावकाश निथळतं, आणि पेट्रोलवर बसलेला थर बराच वेळ वाफ दाबून धरतो. कमतरता दोन. थ्रो फॉग नोझलच्या जेटपेक्षा कमी पडतो, आणि ज्वाळा अंगावर आल्या तर ब्रँचमधून पाण्याचा पंखा उघडता येत नाही. म्हणून ब्रँचवाल्यांच्या पाठीशी पाण्याची दुसरी होज हवीच.

फॉग नोझलमधून तेच मिश्रण सोडलं तर एक्स्पान्शन २ ते ४ पट मिळतं. फेस पातळ, पण लांब जातो, झपाट्याने पसरतो, आणि त्याच नोझलने कूलिंगही होतं. एएफएफएफ हे फ्लोरिन असलेलं कंपाऊंड इंधनावर पाण्याची पातळ फिल्म तयार करतं, त्यामुळे इतका पातळ फेसही चालून जायचा. आता चित्र बदललं आहे. घातक, टिकाऊ रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत पीएफओएस (२००९) आणि पीएफओए (२०१९) ही फ्लोरिनयुक्त रसायनं आली, आणि अग्निशमन दलं फ्लोरिनमुक्त कंपाऊंडकडे वळू लागली. या कंपाऊंडची फिल्म बनत नाही, सगळी भिस्त फेसाच्या थरावर. तुमच्याकडे फ्लोरिनमुक्त कंपाऊंड असेल किंवा लवकरच येणार असेल, तर माझं मत सरळ ब्रँचच्या बाजूने आहे. अल्कोहोल, ॲसिटोनसारख्या पाण्यात मिसळणाऱ्या द्रवांसाठीही तेच. तिथे अल्कोहोल-रेझिस्टंट कंपाऊंड लागतं आणि फेस हळुवार उतरवावा लागतो: समोरच्या भिंतीवरून ओघळू द्यायचा किंवा जमिनीवर टाकून पुढे सरकू द्यायचा. थेट जेट मारला की फेस द्रवात बुडतो आणि वाया जातो.

फॉग नोझलच्या तोंडावर बसणारी फोम ट्यूब हा मधला मार्ग. फेस ब्रँचइतका दाट होईलच असं नाही, पण ट्यूब काढली की फॉग परत मिळतो. छोट्या टीमसाठी हा पर्याय मला पटतो.

लिटरचा हिशोब मात्र खरेदीआधी कागदावर मांडाच. एनएफपीए ११ या अमेरिकी फोम मानकाप्रमाणे पेट्रोलसारख्या हायड्रोकार्बनच्या सांडलेल्या थरासाठी एएफएफएफ मिश्रण दर चौरस मीटरला मिनिटाला किमान ४.१ लिटर लागतं, प्रोटीन फोमचं ६.५ लिटर, आणि मारा किमान १५ मिनिटं. दहा बाय सहा मीटरचा, म्हणजे ६० चौरस मीटरचा थर धरा. ६.५ च्या दराने मिनिटाला ३९० लिटर हवेत. म्हणजे मिनिटाला २०० लिटर सोडणारी ब्रँच अपुरी, ४०० ची जेमतेम पुरते. तिच्यातून पंधरा मिनिटांत ६,००० लिटर मिश्रण जाईल. तीन टक्क्यांच्या कंपाऊंडचे १८० लिटर, म्हणजे वीस लिटरचे नऊ ड्रम. एवढे ड्रम नसतील तर मोठं नोझल घेऊन फायदा नाही. फ्लोरिनमुक्त कंपाऊंडचा दर मात्र त्याच्या उत्पादकाच्या प्रमाणित आकड्यांवरूनच घ्यायचा.

सर्वाधिक घोटाळा इथे होतो: इंडक्टर (ड्रममधलं कंपाऊंड ओढून होजच्या पाण्यात मिसळणारं साधन) आणि नोझल एकाच फ्लोचे, म्हणजे मिनिटाला तितकेच लिटर सोडणारे असावे लागतात. ४०० च्या इंडक्टरला २०० चं नोझल लावलं की मागचा दाब वाढतो आणि कंपाऊंड ओढलं जाणं थांबतं. पिकअप ट्यूब ड्रममध्ये असते, ड्रमची पातळी हलत नाही आणि नोझलमधून नुसतं पाणी येत राहतं. उलट २०० च्या इंडक्टरला ४०० चं नोझल लावलं तर नोझलवर दाबच उरत नाही, फेस पातळ येतो, थ्रो गळतो. शटऑफ अर्धवट उघडा, होज फार लांब किंवा नोझल बरंच उंचावर असेल तरीही कंपाऊंड ओढलं जात नाही. इंडक्टरमध्ये आत आलेल्या दाबाचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा खर्च होतो, हे पंप ऑपरेटरला माहीत हवं.

मिडियम एक्स्पान्शनचं नोझल काही मीटरच फेकतं, पण टाकीभोवतीच्या बंधाऱ्यात, खड्ड्यात किंवा गळतीची वाफ दाबायला ते उत्तम. कमी पाण्यात मोठी जागा झाकली जाते. जोराच्या वाऱ्यात त्याचा भरवसा नाही. हाय एक्स्पान्शनला नोझल नव्हे, जनरेटर लागतो, आणि तो तळघरं, गोदामं, जहाजाचे होल्ड अशा बंदिस्त जागा भरून काढायला. सीएएफएस, म्हणजे पंपाजवळच मिश्रणात दाबाची हवा मिसळणारी यंत्रणा असेल, तर स्मूथ बोअर (आतून सरळ, गुळगुळीत) नोझल घ्या, फॉग टिपमध्ये बुडबुडे फुटतात. आणि यांपैकी कशातूनही आलेला फेस वीज वाहून नेतो, त्यामुळे लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत मारा नको.

एकच सेट घ्यायचा असेल, तर ४०० लिटरची लो एक्स्पान्शन ब्रँच आणि तिच्याच फ्लोचा इंडक्टर घ्या. विकणाऱ्याला विचारा की एक्स्पान्शनचा आकडा कोणत्या दाबाला आणि कोणत्या कंपाऊंडवर मोजला आहे. तुमचं कंपाऊंड वेगळं असेल तर तुमच्याच ड्रममधून, तुमच्याच होजच्या लांबीवर चाचणी मागा. चाचणीनंतर इंडक्टर स्वच्छ पाण्याने धुऊन मगच ठेवा. आत वाळलेलं कंपाऊंड पुढच्या वेळी व्हॉल्व्ह अडकवतं.