जखम भरली आणि मी त्याचे आभार मानले

निरोध न वापरता संबंध आला आणि दुसऱ्या दिवसापासून माझी झोप उडाली. डॉक्टरांसमोर तोंड उघडायची लाज. मोबाईलवर शोधता शोधता एक 'सल्लागार' सापडला. एकच कोर्स, एचआयव्हीपासून संरक्षण, गुप्तरोगही साफ. तपासणी नको, नावही सांगू नका. या 'नाव सांगू नका'लाच मी भुललो.

पार्सल पाचव्या दिवशी आलं. दहा कॅप्सूल, औषधाचं नाव नाही, बॅच नंबर नाही. पेप, म्हणजे संबंधानंतर घ्यायची एचआयव्ही प्रतिबंधक औषधं, 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस रोज घ्यावी लागतात, हे मला खूप उशिरा कळलं. 'सल्लागार' मात्र आपल्या कॅप्सूलना 'प्रेप' म्हणत होता. प्रेप आधीपासून घ्यायचं असतं, तेही एचआयव्ही नसल्याची खात्री करून आणि मूत्रपिंड तपासून. शिवाय प्रेपने सिफिलीस, गनोरियासारखे गुप्तरोग थांबत नाहीत.

तीन आठवड्यांनी लिंगावर एक फोड आला. फुटून जखम झाली, पण दुखेना. त्याला विचारलं, त्याने मलम पाठवलं. महिन्याभरात जखम गायब! मी खुशीत लांबलचक आभाराचा मेसेज पाठवला.

पुढे तळहातांवर आणि तळपायांवर तांबूस डाग उठले. खाज अजिबात नाही. तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेलो. रागावतील वाटलं होतं, त्यांनी आधी रक्त काढायला सांगितलं. सिफिलीस निघाला. पहिली जखम तीन ते सहा आठवड्यांत आपोआपच भरते, मलम लावा की लावू नका. जंतू मात्र अंगातच राहतो. असल्या लोकांचा धंदा यावरच चालत असणार.

बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, 24 लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं अर्धं. दुखलं, खोटं कशाला बोलू. रात्री थंडी वाजून ताप भरला. तसं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, दुसऱ्या दिवशी उतरला. एचआयव्हीची तपासणी निगेटिव्ह आली. त्यात त्या कॅप्सूलचा काही वाटा नव्हता, नशीब होतं. जोडीदारालाही कळवून तपासणीला पाठवावं लागलं. तो फोन करणं इंजेक्शनपेक्षा जड गेलं.

माझा तो आभाराचा मेसेज 'सल्लागार' अजून नव्या गिऱ्हाइकांना दाखवतो. काढून टाक म्हणून कळवलं, तर उत्तर आलं: "पुन्हा त्रास सुरू झाला का? नवीन कोर्स आलाय."