वर्षभराचा डायबेटिस प्रिव्हेन्शन क्लास: माझा अनुभव, आणि तो ज्या ग्रँटमधून आला तिच्याबद्दल

२०२४ चे गणपती उठले आणि त्याच्या पुढच्याच आठवड्यात मी हा क्लास सुरू केला, या सप्टेंबरमध्ये संपला, म्हणजे पूर्ण एक वर्ष. इथे न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या बऱ्याच मैत्रिणी विचारतायत की नक्की काय असतं, पैसे किती, फरक पडतो का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. जरा लांबेल.

दुसऱ्या बाळंतपणात माझी शुगर वाढली होती. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलेलं की दरवर्षी टेस्ट करत जा, पण नोकरी, मुलांच्या शाळा, भारतात जाणंयेणं यात ते राहून जायचं. साताऱ्याला आईला पन्नाशीत डायबेटिस निघाला, मामांचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, हे सगळं डोळ्यासमोर झालेलं, त्यामुळे ४९ व्या वर्षी माझी तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ६.१ आली तेव्हा मी गाडीत बसून रडले खरंच. इथल्या हिशेबाने ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ पासून पुढे डायबेटिस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी लगेच नको, आधी हा क्लास कर, आणि त्यांनीच फॉर्म भरून दिला.

आमचा क्लास गावातल्या कम्युनिटी सेंटरमध्ये होता. पहिल्या सहा महिन्यांत १६ वेळा जायचं, एकेक तासाचा, नंतरचे सहा महिने महिन्यातून एकदा. आत गेलं की आधी वजन, तेही पडद्यामागे, तुमचा आकडा दुसऱ्या कुणाला कळत नाही. मग मागच्या आठवड्यात काय खाल्लं त्याची वही आणि किती मिनिटं चाललात ते. टार्गेट दोनच, वजनाच्या ५ ते ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं किंवा तसला व्यायाम. एवढंच. पहिल्या दिवशी मला वाटलं एवढ्यासाठी वर्ष कशाला, हे तर कुणीही सांगेल. पण सांगणं वेगळं आणि दर आठवड्याला कुणीतरी तुमची वही उघडून शांतपणे विचारणं वेगळं, की मंगळवारी रात्री साडेदहाला भात परत का घेतला, तेव्हा भूक होती का दमला होतात. मला आयुष्यात कुणी हे विचारलं नव्हतं. उत्तर होतं दमले होते.

आम्ही बाराजण होतो. एक गुजराती बेन, एक टॅक्सी चालवणारे पंजाबी अंकल, चार कृष्णवर्णीय बायका, त्यातल्या दोघी सख्ख्या बहिणी, आणि पोर्टो रिकोचे एक काका, ज्यांच्याशी माझं सगळ्यात जमलं कारण त्यांचाही प्रॉब्लेम भातच. त्यांच्या आईला भाताशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही म्हणे, मी म्हटलं आमच्याकडेही तेच. मग आम्ही दोघांनी ठरवलं की भात सोडायचा नाही, एक वाटी मोजून घ्यायचा आणि आधी भाजी, उसळ, कोशिंबीर संपवायची, आणि तेच मला वर्षभर टिकलं.

कोच रिटायर्ड नर्स होती, फार मायाळू. पण पुस्तक मात्र इथल्या खाण्यावरचं आहे, ही माझी पहिली तक्रार. सणाचं म्हणून जे प्रकरण आहे त्यात थँक्सगिव्हिंग आहे, फराळ कुठून असणार. संकष्टीला मी वहीत साबुदाण्याची खिचडी लिहिली तर तिला काय आहे तेच कळेना. तिने शोधलं आणि पुढच्या आठवड्यात येऊन सांगितलं की हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, तू उपास म्हणून खातेस ते शुगरला जेवणापेक्षा जड पडतंय. आता मी उपासाला दही, शेंगदाणे, एखादं फळ आणि थोडी भगर घेते. दिवाळीत चकली, करंजी, अनारसे सगळं डब्यात भरून क्लासला नेलं, प्रत्येकीने एकेक खाल्लं आणि मग आम्ही त्यात किती तेल किती साखर ते बसून काढलं. त्या दिवशी शिकले ते कुठल्याच छापील पानावर नाही. पण सगळ्या कोच अशा कष्ट घेणाऱ्या नसतील, म्हणून आपल्या जेवणावरचं एक पुस्तक हवंच, निदान एडिसनसारख्या ठिकाणी तरी.

दुसरी तक्रार म्हणजे सहा महिन्यांनंतर महिन्यातून एकदाच भेटणं कमी पडतं, आमच्या बारातले शेवटी सातच उरले.

माझा रिझल्ट सांगते. १५० पाउंडवरून १३९, आणि शुगर ६.१ वरून ५.६. गोळी नाही.

आता ज्याच्यासाठी खरं लिहायला बसले ते. मार्च २०२५ मध्ये आमचे १६ धडे संपत आले होते आणि एका संध्याकाळी कोच आली ती गप्प गप्पच, विचारलं तर म्हणाली ज्या स्टडीतून हा क्लास निघाला त्याचीच ग्रँट, म्हणजे संशोधनाचे सरकारी पैसे, थांबली. मला तोवर माहीतही नव्हतं की याच्यामागे स्टडी आहे. घरी येऊन वाचत बसले.

झालं असं की १९९६ पासून इथे सरकारच्या एनआयएच या वैद्यकीय संशोधनाच्या संस्थेच्या पैशातून २७ सेंटर्समध्ये, बरीचशी युनिव्हर्सिटीजची हॉस्पिटलं, ३,२३४ लोकांवर अभ्यास झाला. सगळे आमच्यासारखेच काठावरचे. काहींना आहार आणि चालणं, त्यात कोचबरोबर १६ धडे, काहींना मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी, काहींना नुसती औषध नसलेली गोळी. २००१ मध्ये फरक इतका स्पष्ट दिसला की ठरलेल्या वेळेच्या एक वर्ष आधीच थांबवून निकाल जाहीर केला. सरासरी तीनेक वर्षांत आहार आणि चालण्याने डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी, आणि साठीच्या वरच्यांमध्ये चालण्याचा फायदा तर ७१ टक्के. आमचे १६ धडे तिथूनच आलेत. पण तिथे एका माणसाला एक कोच होता, ते गावोगाव परवडणार कसं, म्हणून इंडियाना युनिव्हर्सिटीच्या लोकांनी पुन्हा सरकारी ग्रँटवरच इंडियानापोलिसच्या वायएमसीएमध्ये, म्हणजे गावातल्या व्यायामशाळेसारख्या सेंटरमध्ये, तेच धडे ग्रुपमध्ये घेऊन बघितले, तिथल्या साध्या ट्रेनरकडून, आणि लोकांचं सरासरी ६ टक्के वजन उतरलं. २०१० मध्ये कायद्याने हा देशभरचा कार्यक्रम झाला, एप्रिल २०१८ पासून मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी इन्शुरन्स, तोही पैसे देतो. म्हणजे ग्रँट ते माझी भाताची वाटी एवढा हा सरळ रस्ता आहे, आणि त्याला वीस वर्षं लागली.

मूळच्या लोकांचा पाठपुरावा मात्र थांबलाच नव्हता. पंधरा वर्षांनीही चालणाऱ्यांच्या गटात डायबेटिस २७ टक्क्यांनी कमी होता, गोळीच्या गटात १८ टक्क्यांनी. तीच माणसं वर्षानुवर्षं येऊन रक्त देत होती, डोळे तपासून घेत होती, आता म्हातारपणी त्यांच्या स्मरणशक्तीचं काय होतं तेही बघायचं होतं. या कामाचे पैसे कोलंबिया युनिव्हर्सिटीमार्फत देशभरच्या सेंटर्सना जात होते. आणि ७ मार्च २०२५ ला सरकारने कोलंबियाच्या ४० कोटी डॉलर्सच्या ग्रँट्स आणि कॉन्ट्रॅक्ट्स रद्द केल्या, कारण दिलं कॅम्पसवर ज्यू विद्यार्थ्यांना होणाऱ्या त्रासाचं. त्या वादात मला पडायचं नाही, त्या मुलांना त्रास झाला असेल तर त्याचा न्याय व्हायलाच हवा, पण बोस्टनच्या नाहीतर दुसऱ्या कुठल्या राज्यातल्या सेंटरमध्ये पंचवीस वर्षं रक्त द्यायला येणाऱ्या आजीचा त्याच्याशी काय संबंध? जुलैमध्ये कोलंबियाने सरकारशी समझोता केला, तीन वर्षांत २० कोटी डॉलर्स आणि वर २ कोटी १० लाख भरायचं कबूल केलं, आणि बहुतेक ग्रँट्स परत सुरू करायचं ठरलं. पण अशा स्टडीत मधली व्हिजिट चुकली की त्या वेळचं रक्त, त्या वेळचा मेंदू परत कसा मोजणार.

आणि मला हे नीट समजलं ते मेटफॉर्मिनवरून. जुनी, स्वस्त गोळी, तिच्यावर वीस-पंचवीस वर्षं अभ्यास करायला कुठली कंपनी पैसे घालेल, आणि चालण्यावर तर कुणाचंच पेटंट नाही. म्हणून हे काम सरकारी पैशातूनच होतं, आमच्या टॅक्समधून. माझ्या पगारातून कापलेले पैसे यात गेले असतील तर मला त्याचा अभिमान आहे.

आपल्या लोकांसाठी अजून एक महत्त्वाचं. या क्लाससाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ लागतो पण एशियन लोकांना २३ चालतो. का ते क्लासमध्ये कुणी सांगितलं नाही, मी वाचलं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलंय की आपली बाळं जन्मतः वजनाला कमी असतात, तिकडे सरासरी २.७ किलो तर इंग्लंडमधली ३.५, पण आपल्या बाळांच्या अंगात चरबी मात्र त्या मानाने जास्त. चेन्नईत ५३१ प्रीडायबेटिक लोकांवर अभ्यास झाला, २००६ मध्ये छापून आला, तिथे नुसता साधा सल्ला मिळालेल्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना डायबेटिस झाला. अर्ध्याहून जास्त! आहार-व्यायामाने ते प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिननेही जवळपास तेवढंच. म्हणून "मी कुठे जाड आहे" असं म्हणून टेस्ट टाळू नका गं.

पाचपैकी साडेचार देईन, अर्धा आपल्या जेवणाच्या पुस्तकासाठी राखून ठेवलाय. माझी फी इन्शुरन्सने भरली, ठिकाणाप्रमाणे आणि प्लॅनप्रमाणे बदलते, आधी फोन करून विचारा. डायबेटिस आधीच असेल तर यात घेत नाहीत. रक्ताचा रिपोर्ट वर्षभराच्या आतला लागतो, पण बाळंतपणात शुगर झाली असेल तर तेवढ्यावरही घेतात. आमच्या सेंटरची नवी बॅच जानेवारीत आहे, गुजराती बेनच्या दोन बहिणींनी नावं दिलीत, आणि मी माझ्या जावेचं दिलंय.