ओपनफोमवर १५० बारचा नायट्रोजन: दिवाळीपासूनचा अनुभव

दिवाळीनंतर वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये ओपनफोम बसवलं, म्हणजे वायू-द्रवांच्या प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर. ज्यावर चाचण्या करतो ती रिग साधी आहे: १५० बारची नायट्रोजनची टाकी, झटकन उघडणारा व्हॉल्व्ह, पुढे २ मिमीचं ऑरिफिस (बारीक भोक) आणि मग मोकळी हवा. सॉफ्टवेअर फुकट म्हटल्यावर शेठनी लगेच मान डोलावली. कॉम्प्युटरचं बिल नंतर आलं.

नुसता मास फ्लो (सेकंदाला किती वायू बाहेर जातो) हवा असेल तर याच्या वाटेला जाऊ नका. पुढचा दाब मागच्याच्या ०.५२८ पटीखाली असला की ऑरिफिसमध्ये प्रवाह चोक होतो (वेग ध्वनीइतका होतो, पुढचा दाब आणखी उतरवून प्रवाह वाढत नाही). म्हणजे टाकी जवळपास १.९ बार ॲब्सोल्यूटपर्यंत उतरेस्तोवर चोकच. तेवढं गणित पायथनच्या वीसेक ओळींत बसतं, आणि खऱ्या वायूचे गुणधर्म द्यायला कूलप्रॉप आहे, तेही फुकट.

ओपनफोम खरं कामाला येतं ते व्हॉल्व्ह उघडतानाच्या पहिल्या काही मिलिसेकंदांसाठी आणि बाहेरच्या जेटसाठी. त्यातला ऱ्होसेंट्रलफोम हा सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा भाग) तिथे भरवशाचा निघाला. मॅक डिस्क (जेटमधली आडवी शॉक लाट) तोंडापासून किती लांब बसते याचं जुनं सूत्र आहे: व्यास गुणिले ०.६७ गुणिले दाबांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ. आमच्यासाठी ते १६ मिमीच्या जरा वर येतं, आणि मॉडेलनेही ती तिथेच दाखवली.

वेगाचं मात्र विचारू नका. पाव मिमीच्या घरांची जाळी आणि कुरांट नंबर (एका स्टेपमध्ये लाट घराचा किती भाग ओलांडते) ०.२ धरला तर एक टाइम स्टेप सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहून लहान. ५० मिलिसेकंदांसाठी दहा लाखांच्या घरात स्टेप्स. आकार अक्षाभोवती सारखा असेल तर पूर्ण पाइप घेऊ नका, पाच अंशांची फोड पुरते.

माझी खरी तक्रार परफेक्ट गॅसबद्दल, म्हणजे मॉडेलमधल्या साध्या आदर्श-वायू सूत्राबद्दल आहे. टाकीतल्या दाबाला तो फारसा चुकत नाही. पण जेटमध्ये तापमान ७० केल्विनच्याही खाली उतरतं, आणि वातावरणाच्या दाबाला नायट्रोजन ७७ लाच द्रव होतो! सॉफ्टवेअर चकार शब्द न काढता तिथे निळा रंग भरून मोकळं. ते चित्र छान दिसतं म्हणून रिपोर्टात लावू नये.

रिगशी ताडताना एक गंमत झाली. व्हॉल्व्ह आणि ऑरिफिसमधल्या ट्रान्सड्यूसरच्या (दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या) आलेखात हजार हर्ट्झच्या आसपास थरथर होती, मॉडेलमध्ये तिचा मागमूस नव्हता. सगळ्यांनी बोट मॉडेलकडे दाखवलं. ट्रान्सड्यूसरपर्यंत जाणारी टॅपिंगची नळी मोजली तर १० सेमी. या दाबाला नायट्रोजनमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला ४०० मीटरच्या जवळ. नळीच्या चौपट लांबीने भागा, तोच आकडा येतो. ट्रान्सड्यूसर भिंतीलगत बसवला, थरथर गेली.

सुरुवातीचं तापमान प्रत्येक वेळी मोजून भरा. जानेवारीत सकाळी १५ अंशांना १५० बार असलेली बंद टाकी मे महिन्यात शेडमध्ये ४२ अंशांना १६४ च्या पुढे जाते.

व्हॉल्व्हवाल्याने उघडण्याची एकूण वेळ दिली होती, पण त्या वेळात स्टेम (व्हॉल्व्हची सरकणारी दांडी) कसा सरकतो ते दिलं नाही. दाबाचं शिखर त्यावरच ठरतं, म्हणून आता स्टेमवर पोझिशन सेन्सर लावून ती वक्ररेषा आम्हीच काढतोय.