मानेवाडा रोडवरचं चिकनचं दुकान: काटा चोख, पिंजरा पाहवत नाही

नागपुरात नंदनवनला माझी मेस आहे. बुधवारी आणि रविवारी पोरांना सावजी चिकन लागतंच. जवळचं दुकान बंद झाल्यापासून मी मानेवाडा रोडवरच्या एका दुकानातून माल घेत होते. मालकाशी बोलणं झालंय आणि तो सुधारेल अशी आशा आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

दुकानाचा काटा चोख आहे. कापणारा पोरगा हाताचा साफ, सांगाल तसे पीस करून देतो. भावही रास्त. पण पिंजरा पाहून जीव तुटतो.

मे महिन्यात पारा 45 च्या घरात, पिंजरा फूटपाथवर, वर नुसता पत्रा. एकावर एक खण, वरच्या कोंबड्यांची घाण खालच्यांच्या पाठीवर. बॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत दोन किलोची होते, पायांना ते वजन पेलत नाही, त्यामुळे ती त्याच घाणीत बसून राहते. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकूनच ती अंगातली गरमी बाहेर काढते. अख्खा पिंजरा धापा टाकत होता आणि पाण्याचं भांडं कोरडं, तळाला पिसं चिकटलेली.

मी म्हटलं, "भाऊ, पाणी तरी ठेवा."

"मरालेच तं चालल्या ताई, त्याईले पाणी कायले?"

मरणार म्हणून काय झालं, ती दुपार त्यांना भोगावी लागतेच ना! खाण्यासाठी मारायला कायद्याची मनाई नाही, पण विनाकारण यातना द्यायला आहे. पाळलेल्या जनावराला पुरेसं खाणं, पाणी, निवारा न देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

कापणंही पिंजऱ्यासमोरच. मान चिरली की कोंबडी निळ्या ड्रममध्ये टाकतात, आत ती पंख आपटत तडफडते, तोवर पोरगा पुढची पंखाला धरून ओढतो. वास्तविक 2001 च्या कत्तलखाना नियमांत एका जनावरासमोर दुसरं कापू नये असं स्पष्ट लिहिलंय.

एकदा खालच्या खणात मेलेली कोंबडी जिवंतांच्या मधेच पडलेली दिसली. उन्हाने मेली की रोगाने, कोण सांगणार? डिसेंबर 2024 मध्ये आपल्या गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, हे नागपूरकरांनी तरी विसरू नये. मेल्यावर कापलेल्या कोंबडीचं रक्त नीट निघत नाही, मान आणि पंखांचं मांस काळपट लाल राहतं. असा पीस दिसला तर परत करा. फ्रिज आहे, पण चिकन बाहेर ठोकळ्यावरच उघडं पडलेलं असतं, माशा बसतात. फूड लायसन्सचा 14 आकडी नंबर दिसेल असा लावायचा असतो, तो मला भिंतीवर कुठे दिसला नाही. पोरांच्या पोटाची जबाबदारी माझ्यावर आहे, म्हणून मी तिथला माल बंद केला. पाचपैकी दोन तारे, तेही काट्यासाठी आणि त्या पोराच्या हातासाठी.

सध्या सक्करदऱ्याकडच्या एका छोट्या दुकानातून घेते. तिथे पिंजरा आत, पंख्याखाली असतो, पाण्याचं भांडं भरलेलं. कापायची जागा पडद्यामागे आहे. तिथे भिंतीला स्टीलचे कोन लावलेत, कोंबडी त्यात उलटी बसते, पंख आवळलेले राहतात, त्यामुळे आपटणं नाही, पंख मोडणं नाही, रक्तही पूर्ण निथळतं. किलोमागे थोडे जास्त पडतात, मी आनंदाने देते. मानेवाड्याच्या मालकालाही मी हे कोन जाऊन पाहायला सांगितलं. "पाहून येतो ताई," म्हणाला.

सक्करदऱ्याला जायचं तर रविवारी सकाळी नऊच्या आत जा, नंतर लाइन लागते. डबा घरून न्या, पन्नी देत नाहीत.